राखाडी पाटीवरच्या सात ओळी

भाऊ,

तुमची तेरवी आटोपली आणि तिसऱ्या दिवशी ग्रामसभा बसली. तुमच्याशिवायची पहिली. समाजमंदिरातली तुमची भिंतीजवळची जागा लोकांनी रिकामी ठेवली, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण ठेवली नाही. कोणीतरी उशिरा आलं आणि तिथं टेकून बसलं, कारण टेकायला तेवढीच भिंत आहे. मला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. तुम्ही गेल्यापासून मला काहीच नीट होत नाहीये. भूक लागते, जेवते. झोप येते, झोपते. तुमच्या घरी भांडी घासली, मांडवाच्या दोऱ्या सोडल्या, आल्यागेल्याला पाणी दिलं. एक बाई म्हणाली, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, मग आपलाच ओठ दुसऱ्याचा वाटतो, तसं चाललंय सगळं.

चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटो आधार कार्डावरचा, मागं वाघ आणि धबधबा. आपल्याकडं धबधबा कुठं आहे ते फ्लेक्सवाल्यालाच ठाऊक. खाली 'अपूरणीय हानी'. मोबाइलवर एका पुढाऱ्यानं लिहिलं, 'जंगलाचा झंझावात शांत झाला'. झंझावात! चप्पल घालायला तुम्हाला एक बिडी ओढून होईल इतका वेळ लागायचा. ज्यानं हे लिहिलं तो वनहक्काच्या एकाही मोजणीला आला नव्हता, आणि ज्या दिवशी आपण कार्यालयाच्या व्हरांड्यात दिवसभर बसलो त्या दिवशी तो आतमध्ये चहा पीत होता. पण मी कोणाला बोलू? असल्या ओळी मीही लिहिल्यात, दुसऱ्यांच्या मरणावर, संघटनेच्या पत्रकांत. तयार असतात त्या. नाव तेवढं भरायचं.

म्हणून फ्लेक्सवर न मावणारं इथं लिहिते. आपलं एक भांडण अर्धं राहिलं. सात ओळींचं. सभेच्या लिखाणातल्या सात ओळी मी पुसल्या, तुम्ही ते पकडलंत, आणि त्यानंतर आपण धड बोललो नाही. गावाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. सभेत सांगावं की गप बसावं, यात तुमच्यामागचे माझे सगळे दिवस गेले.

मी नागभीडहून पहिल्यांदा आपल्या गावी आले ती संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन. तुम्ही ओट्यावर बसून पत्रक अख्खं वाचलंत, ओळीखाली बोट फिरवत, मागची छापखान्याची ओळसुद्धा. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, "पोरी, यात पयल्यापासून शेवटपर्यंत तूच बोलून राह्यली. दुसरा माणूस कुठी बोलते?" मी म्हटलं, पत्रक असंच असतं. तुम्ही म्हणालात, मग सभेचं लिहायला शिक. त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली' झाले. घरी काकींसमोर, कार्यालयातल्या बाबूसमोर, एसटीत अनोळखी माणसांसमोर. "हे आमची पत्रकवाली, इच्याजवळ हळू बोला, छापून टाकते."

सभेचं लिखाण म्हणजे तुमची वही. जाड पुठ्ठ्याची, रेघांची. तिचा नियम तुम्ही कधी नियम म्हणून सांगितला नाहीत, करून दाखवलात. जो जे बोलेल ते त्याच्या नावानं लिहायचं. नंतर त्यानं शब्द फिरवला किंवा सभेनं वेगळं ठरवलं, तर आधीचं गिरवून काळं करायचं नाही. एक बारीक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. बाजूला त्या माणसाची सही, नाहीतर अंगठा. मग नवं लिहायचं. शेवटी सगळं मोठ्यानं वाचायचं, खोडलेल्यासकट. सुरुवातीला मला ते गचाळ वाटायचं. तुमच्या एकेका पानावर इतक्या रेघा, इतके अंगठे, की भाताच्या बांधीत कोंबड्या फिरून गेल्यासारखं दिसायचं.

मग एकदा कार्यालयात शेजारच्या गावाची वही बाबूच्या टेबलावर आली. स्वच्छ, एका हातची, एकही खाडाखोड नाही. बाबूनं दोन पानं उलटली आणि म्हणाला, हे घरी बसून लिहिलंय. तुमची वही मात्र तो बराच वेळ बघत राहिला आणि पोच देऊन मोकळा झाला. बाहेर आल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "खोडलेलं म्हणजे कोनीतरी बोललं होतं, पोरी. त्यायलेही समजते थे."

त्याच वह्यांना उधळी लागली. कपाटाच्या मागून भिंतीतून आली आणि हद्दीच्या फिरतीची दोन वर्षांची पानं कडेकडेनं खाऊन गेली. कार्यालयानं आपण दिलेल्या प्रती हरवल्या होत्या आणि वर आपल्याकडूनच 'स्पष्ट प्रत' मागत होतं. हरवणारे ते आणि धावायचं आपण! मी सभेत म्हटलं, आता वही पुरे, असं काहीतरी घेऊ की ज्याच्यावर हातानंच लिहायचं पण प्रत कधी मरणार नाही. कोणी म्हणालं, मोबाइलवर टाइप कर ना. तुम्ही मान हलवलीत. टाइप केलेला कागद कार्यालयातून गावात येतो, हातचा कागद गावातून कार्यालयात जातो, असं तुमचं म्हणणं. सभेनं ठरवलं, तेंदूपानांच्या निधीतून वस्तू घ्यायची. निवडायला तुम्ही आणि मी.

चंद्रपूरला आपण भर उन्हाळ्यात गेलो. तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, उजव्याचा बाकी होता. एसटीत मी तुम्हाला कोणती कंपनी, कोणता पडदा, किती मेमरी असं शिकवत होते आणि तुम्ही हो-हो करत होतात. दुकानात गेल्यावर खिशातून चिठ्ठी काढलीत. तुमचे स्वतःचे प्रश्न. उन्हात दिसते का, लाइन गेली तर किती दिवस चालते, घामाचा हात टेकला तर काय होते, नेटवर्क नसलं तर लिहिलेलं कुठं राहते. मला लाज वाटली, कारण माझ्या यादीत यातलं एकही नव्हतं. शेवटचा एक प्रश्न तुम्ही चिठ्ठी दुमडून माझ्यापासून लपवलात.

दुकानदारानं आधी चकचकीत टॅब दिला. तुम्ही तो उचललात आणि सरळ दुकानाबाहेर चालायला लागलात. तो बिचारा गल्ल्यावरून उडी मारून मागं. त्याला वाटलं, म्हातारा पळाला. तुम्ही रस्त्याच्या मधोमध उन्हात उभे. "यात तं माहंच थोबाड दिसते," म्हणालात. "रोज पाहतो मी थे." टॅब परत. मग ती राखाडी पाटी आली. आतून उजेड नसलेली, कागदासारखा पडदा असलेली. उन्हात उलट जास्त स्पष्ट. तळहात टेकला तरी रेघ उडत नव्हती, पेनाला चार्जिंग लागत नव्हतं, एकदा चार्ज केली की दोन-तीन आठवडे बघायला नको. लिहिताना खर्र असा आवाज यायचा. तुम्ही 'सभा सुरू' असं लिहिलंत आणि मान वाकडी करून आवाज ऐकलात. आवडली तुम्हाला. खोटं नका बोलू, आवडली होती.

पण त्याहून जास्त आवडला तो तिसरा, जाडजूड पेन. टोकाशी बारीक कॅमेरा. बारीक ठिपक्यांच्या खास वहीवर साध्या शाईनं लिहायचं, पेन ते ध्यानात ठेवतो आणि नंतर मोबाइलमध्ये उतरवतो. तुम्ही विचारलंत, म्हणजे कागद आपल्यापाशीच राहतो ना? राहतो, दुकानदार म्हणाला. मी मध्येच तोडलं. ती वही आरमोरीच्या बाजारात मिळणार आहे का? पेन दर दोन दिवसांनी चार्ज कोण करणार? आणि कागदच ठेवायचा तर उधळीनं काय पाप केलं होतं?

मग तुम्ही चिठ्ठी उलगडलीत आणि पाटीकडं बोट दाखवून शेवटचा प्रश्न विचारलात. खोडलं तर दिसते का?

दुकानदाराला वाटलं तुम्हाला साफसफाई हवी. त्यानं पेन उलटा केला, तुमचं 'सभा सुरू' घासलं. "देखो काकाजी, एकदम साफ. निशान भी नाई राहत."

"पयले काय होतं थे कोनालेच नाई समजत?"

"कोनालेच नाई," तो खुशीत म्हणाला.

तुमचा चेहरा पडला आणि मी हसले. ते हसू मला आता आठवतं. दुकानदाराच्या बाजूनं हसले मी, तुमच्या विरुद्ध.

परतीच्या एसटीत नागभीड येईपर्यंत भांडलो. पुढच्या सीटवरचा माणूस वळून म्हणाला, बापलेकीनं घरी जाऊन भांडावं. मी म्हणत होते, लिहिलेलं कायम राहणं महत्त्वाचं. तुम्ही म्हणत होतात, काय पुसलं तेही राहणं महत्त्वाचं. "उधळी खाते तं भोक दिसते, पोरी. याच्यात भोकही नाई दिसाचं." मी म्हटलं, आपण पुसायचंच नाही. पाटीवरही रेघच मारायची. नियम करू. तुम्ही विचारलंत, नियम कोणाच्या हातात राहील? मी छातीवर हात ठेवला. माझ्या. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात आणि मग म्हणालात, "घे मंग."

माझ्या शब्दावर घेतली ती पाटी, भाऊ. कंपनीवर नाही, पडद्यावर नाही.

आणि ती चांगली निघाली, हेही लिहायला हवं. उरलेल्या वह्यांच्या पानांचे फोटो मी तिच्यात चढवले. दोन बोटांनी अक्षर मोठं करता येतं हे कळल्यावर तुम्ही दिवसभर जुनी पानं मोठी करून वाचत बसलात. मेलेल्या माणसांचे अंगठे भाकरीएवढे करून बघितलेत. "हा लक्ष्मणचा. एका बोटाले कुऱ्हाड लागली होती त्याच्या, पाह्य इथी." काकी म्हणाल्या, जेवायला उठा, पाटी काही पळत नाही. एका डोळ्यानं इतकं सुख घेणारा माणूस मी बघितला नव्हता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तेव्हा मी लगेच पुढच्या कामाचं बोलायला लागले.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्हाला महिनाभर लिहा-वाचायला मनाई झाली. हद्दीची सभा त्याच महिन्यात आली. लिहायला मी. तुम्ही डोळ्यावर पट्टी घेऊन भिंतीला टेकलेले, ऐकत.

सायत्राबाई उठल्या. एरवी त्या सभेत सुपारी कातरत बसतात आणि कोण किती खोटं बोलतं ते शेजारणीला सांगतात. त्या दिवशी उभ्या राहून बोलल्या. नाल्याच्या पलीकडची मोहाची झाडं आपल्या एकट्या गावाची नाहीत. त्यांच्या माहेरच्या बायाही तिथं फुलं वेचतात, आजीच्या आधीपासून. वनहक्काच्या दाव्यात दोन्ही गावांचं नाव टाका, नाहीतर उद्या आपल्याच गावाचा माणूस काठी घेऊन त्यांच्या भावजयीला हाकलेल. यावर गलका झाला. तिकडच्यांनी आपला वेगळा दावा करावा, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. ठराव तसाच झाला. सायत्राबाईंचं बोलणं मी सात ओळींत लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी फाइल करायला बसले. बाबूचा चेहरा डोळ्यापुढं आला. 'गावातच वाद आहे' एवढा शेरा मारायला त्याला काडीचा आधार पुरतो. त्या सात ओळी म्हणजे मी त्याच्या हातात दिलेली काडी होती. भाऊ, हे मला अजूनही खरं वाटतं. तुम्ही असता तर आजही मी याच मुद्द्यावर भांडले असते. पण खरं वाटणं वेगळं आणि मी केलं ते वेगळं. मी रेघ मारली नाही. पेनानं त्या ओळींभोवती गोल काढला, दाबलं, आणि त्या गेल्या. खालचा ठराव वर सरकवला. पान इतकं छान दिसायला लागलं. पत्रकासारखं.

पुढची सभा रोवणीच्या दिवसांत, अर्धं गाव बांधीत. सायत्राबाई आल्या नाहीत, तुम्ही डोळा दाखवायला दवाखान्यात. मी भरभर वाचलं. आरमोरीहून छापून आणलेल्या कागदावर सह्या-अंगठे झाले आणि फाइल गेली.

तुमची मनाई उठल्यावर तुम्ही पहिलं काय मागितलं असेल तर ते पान. नव्या डोळ्यानं वाचायचं म्हणून. ओट्यावर बसून दोन बोटांनी मोठं केलंत, वाचलंत, वर नेलंत, परत वाचलंत.

"सायत्रा बोलली होती ना?"

मी म्हटलं, ठराव तिच्यासारखा झाला नाही.

"ठराव नाई झाला. बोलली तं होती."

तेव्हा मी ते म्हटलं. तुम्हाला दावा जिंकायचा आहे की वही सजवायची आहे, भाऊ? चांगलं वाक्य होतं. व्यासपीठावरून टाळी पडली असती. तुम्ही पाटी माझ्या मांडीवर ठेवलीत, आत गेलात आणि हातपाय धुतलेत. कुठून आला नव्हतात तरी धुतलेत.

त्यानंतर तीन आठवडे. फाइलची पोच आली का, हो आली. उद्या एसटी कितीची, दहाची. एवढंच. पाटीला तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत. मी वाट बघत होते की तुम्ही रागवाल. रागवायला हवं होतं तुम्ही, भाऊ. मला पत्रकवाली म्हणून चारचौघांत हाणायला हवं होतं. तुमच्या गप राहण्याचा मला जितका राग आला तितका बाबूचाही कधी आला नाही. मग एका सकाळी तुम्ही बांधीवर गेलात आणि शेताच्या धुऱ्यावर बसलात ते बसलातच.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात सायत्राबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं म्हणे, माझं बोललेलं लिहिलं का म्हणून. त्या म्हणाल्या, "भाऊ काई बोलले नाई. तुलेच इचार म्हणे." आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, बघून सांगते. घरी आले आणि पाटी उघडली. मागं जायचा बाण असतो तिच्यात, चुकलेलं परत आणायला. पान एकदा बंद केलं की तो काही आणत नाही, हे मला माहीत होतं. तरी दाबत बसले. मोजलं नाही किती वेळा. बोट दुखायला लागलं तेव्हा कळलं की बोट माझंच आहे.

सांगितलं तर काय होईल, हे मला पाठ होतं. फाइल परत मागवावी लागेल. पुढच्या मोहाच्या हंगामापर्यंत काही होणार नाही. लोक म्हणतील, पोरीवर विश्वास टाकला, निधी पाटीवर घातला. नाही सांगितलं तर सायत्राबाईंच्या माहेरच्या बायांना एक दिवस कोणीतरी हाकलेल, आणि त्याच्या हातात आपल्या सभेचा स्वच्छ कागद असेल. माझ्या अक्षरातला.

तर सभा. पहिला विषय, लिखाण आता कशावर करायचं आणि कोणी. तरुण पोरं म्हणाली पाटी राहू द्या, म्हातारे म्हणाले वही. मी हात वर केला आणि उभी राहिले. आवाज नीट होता. इतका नीट की मलाच तो मोबाइलवर लावल्यासारखा वाटला. मी सांगितलं, हद्दीच्या सभेत सायत्राबाई बोलल्या होत्या, ते मी लिहिलं होतं, मग पुसलं. एकटीनं केलं. कोणाला माहीत नव्हतं.

तुमच्या जागी टेकलेला माणूस म्हणाला, "मंग बाबूत आन तुयात फरक काय राह्यला?"

"त्याले पगार भेटते," मागून कोणी बोललं. "हिले तोभी नाई."

हशा झाला. मला तो चालला. सायत्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुपारी पदरात बांधली आणि उभ्या राहिल्या. तेव्हा थोडंच बोलले होते, म्हणाल्या, आता जास्त बोलणार. आणि बोलल्या. कोणत्या झाडाखाली कोणत्या गावची बाई बसते, कोणी कोणाच्या टोपलीत मोह टाकून घरी पोचवला, कोणाचं बाळंतपण तिथंच झालं आणि नाळ कोणी कापली. सात ओळींत मावलं नसतं ते. सभेनं ठरवलं की दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, आणि त्याआधी त्या गावच्या बायांना बोलावून नाल्यापलीकडं एकत्र फिरायचं. कुरकुर झाली. एक मोह वाया गेला, असं दोघं-तिघं म्हणाले. गेला. माझ्यामुळं गेला.

आणि पेन घ्यायचा ठरला. तोच, जाडजूड, कॅमेऱ्याचा. शाई कागदावर राहील, प्रत मोबाइलमध्ये जाईल. ठिपक्यांच्या वह्या एकदम मागवून पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. पाटी फक्त जुनी पानं वाचायला, तिच्यावर लिहायचं नाही. म्हणजे एसटीतलं भांडण तुम्ही जिंकलात. मेल्यावर जिंकणं ही काही बरोबर पद्धत नाही, पण जिंकलात. पेन येईपर्यंत साधी वही. लिहायचं कोणी, हे राहिलं होतं. मग सायत्राबाईच म्हणाल्या, "इनंच लिवाव. हिच्यावर आता सगळ्यायची नजर राहीन."

मी लिहिलं. सायत्राबाईंचं सगळं, त्यांच्या नावानं. त्याखाली माझं. 'या ओळी मी पुसल्या. एकटीनं पुसल्या, कोणाला माहीत नव्हतं.' खाली सही केली. मग सगळं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. तुम्ही हे दोनदा विचारायचात. दुसऱ्यांदा विचारताना बायांच्या बाजूला बघून विचारायचात. मीही तसंच विचारलं.

काकी उठल्या. भाऊ, तुमच्या हयातीत त्या सभेत कधी बोलल्या होत्या का? मला आठवत नाही.

"शेवटचं परत वाच."

मी वाचलं.

"कोनाले माहीत नोतं, हे खोटं हाये. त्यायले माहीत होतं. जेवता जेवता मले सांगतलं त्यायनं. म्या म्हटलं, सभेत सांगा. तं म्हणे, पोरीचं नाव खराब होईन, तिलेच सांगू दे. तीन हप्ते गप रायले. तेभी लिव."

भिंतीजवळचा माणूस म्हणाला, "राहू दे ना काकी. मानूस गेला."

"गेला म्हणून पुसाचा का?"

मला तुमचा गप चेहरा दिसत होता, तीन आठवड्यांचा. त्याला मी तिरस्कार समजले होते. थोडा असेलही. पण तुम्ही मला झाकत होतात, आणि मला झाकताना सायत्राबाईंना झाकत होतात, जसं मी आता तुम्हाला झाकत होते. आपण दोघांनी मिळून केलेलं ते काम होतं. काकी उभ्याच होत्या.

'कोणाला माहीत नव्हतं' यावर मी एक बारीक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'दयारामभाऊंना माहीत होतं. ते सभेत बोलले नाहीत.' काकींनी शाईचं पॅड मागितलं. तुमच्या नावाच्या शेजारी अंगठा दाबला, उचलला आणि वाकून बघितला. मग ओल्या बोटानं, कुठं लागू नये म्हणून हात तसाच अंगापासून लांब धरून, आपल्या जागेवर जाऊन बसल्या.